ज्यांच्या घरी पुंडलिक नाही



संपादक महाराजांनी पुंडलिकावर काही लिहा असे कळवले, तेव्हा वाटले, हे तर हातचे काम आहे. चाळीस वर्षे कीर्तनसेवा झाली, त्यात पुंडलिकाचे आख्यान किती वेळा लावले याची गणती नाही. मृदंग कोठे थांबवायचा, टाळकऱ्यांनी कोठे उचलायचे, मंडपातल्या लेकीसुनांचे पदर कोठे डोळ्यांना लागतील, हे सगळे ठरलेले. पण लिहायला बसलो आणि तीन दिवस कागद कोराच राहिला. आख्यान आठवत होते, पण त्याच्या मागून एका बाईचा प्रश्न येत होता, आणि त्या प्रश्नाला मी एकदा खोटे उत्तर दिले होते. म्हणून हा लेख पुंडलिकापासून निघेल, पण त्याच्या घरी मुक्काम करणार नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. पुंडलिक आईबापांच्या पायाशी बसला आहे. साक्षात परब्रह्म दारात येते. पुंडलिक उठत नाही, मागे वळतही नाही. हाताशी वीट होती ती मागे टाकतो आणि म्हणतो, हिच्यावर उभा राहा, माझी सेवा व्हायची आहे. देव उभा राहिला, तो अजून उभाच आहे. म्हणून तर आपण चंद्रभागेत स्नान केल्यावर आधी वाळवंटातल्या पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि मग महाद्वाराकडे निघतो. जयघोषातही पहिले नाव त्याचेच.

या कथेतल्या सेवेवर मी तासन् तास बोललो, पण विटेवर फार कधी बोललो नाही. आता गुडघे गेल्यावर वीट दिसू लागली. दारात आलेल्याला पुंडलिकाने काय दिले? पाट नाही, पंचपक्वान्न नाही. पाय ठेवायला एक कोरडी, घट्ट, सपाट जागा दिली, आणि देवाने तेवढ्यावर भागवले. ज्याला थांबायचे आहे, त्याच्या पायाखाली नीट जागा हवी, एवढे त्या घाईतही पुंडलिकाला सुचले. हे माझे आताचे निरूपण झाले. तरुणपणी सुचले नव्हते.

आता त्या बाईचा प्रश्न. चिचगड रस्त्यावरच्या एका गावी हरिनाम सप्ताहात माझे कीर्तन होते. आख्यान रंगले, आरती झाली. मंडळी पांगल्यावर एक म्हातारी जवळ आली. पाया पडली नाही, कारण तिची कंबर आधीच वाकून जमिनीला समांतर झाली होती. आमच्या झाडीपट्टीत अशा कमरा पुष्कळ दिसतात. जन्मभर गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोवणी केली की पाठ तशीच राहून जाते. तिने विचारले, "महाराज, ज्याले पोरगाच नाही, त्यानं का करावं?"

मी म्हणालो, "माय, तुला विठ्ठल आहे ना."

ती काही बोलली नाही. काठी टेकत अंधारात निघून गेली. लोकांना माझे उत्तर फार आवडले. एकाने तर दुसऱ्या दिवशी ते मलाच ऐकवले. पण मला आता स्पष्ट दिसते की तिने मला विठ्ठलाचा पत्ता विचारलाच नव्हता. तो तिला माझ्यापेक्षा आधीपासून ठाऊक होता. तिने विचारले होते ते दळण कोण आणील, दवाखान्यात कोण नेईल, ओटा चढताना हात कोण देईल. आणि मी देवाच्या नावाने तिची बोळवण केली.

माझी अवस्था सांगतो. वारकरी कीर्तन उभ्याने करायचे असते. दोन तास नारदाच्या गादीवर उभे राहण्याची ताकद चार वर्षांपूर्वी संपली, तेव्हा मी थांबलो. बसून कीर्तन करा, असे लोक म्हणाले. मन झाले नाही. तेव्हापासून मी देवरीत असतो आणि वर्षातले तीन-चार महिने मुलाकडे शहरात. त्या शहराचे नाव येथे घेत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यात दोष माझा आहे, शहराच्या नावाने त्याला आडोसा नको.

देवरी काही शहर नाही, असे येथले लोकच म्हणतात. तरी नगरपंचायत आहे, तालुक्याचे ठिकाण आहे, आणि गावातून नागपूर-रायपूर महामार्ग जातो. पूर्वी त्याला सहा नंबरचा रोड म्हणायचे, आता त्रेपन्न म्हणतात. नंबर वाढला, ट्रकही वाढले. तरुण माणूस तो रस्ता मोबाईलवर बोलत ओलांडतो. मी दोन्ही बाजू पाहतो, एक पाऊल टाकतो, पुन्हा मागे येतो, असे चार वेळा होते. मग कोणीतरी शाळकरी पोर हात धरते. पोर न आले तर मी पलीकडचे काम उद्यावर टाकतो. म्हातारपणी गाव असे लहान होत जाते. घर तेथेच असते, बाजार तेथेच असतो, मधले अंतर तेवढे वाढते.

एसटीचेच पाहा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना महाराष्ट्रात एसटीचा प्रवास फुकट झाला. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना तिचे नाव. पासष्टीच्या वरच्यांना अर्धे तिकीट आधीपासून होते. ही मोठी गोष्ट आहे, आणि मी ती उपभोगतो. वाहक कार्ड पाहतो, शून्य रुपयांचे तिकीट फाडतो, तेव्हा मला दर वेळी संकोच वाटतो आणि दर वेळी बरेही वाटते. पण गाडीची पहिली पायरी! ती माझ्या गुडघ्याच्या वर येते. दांडा धरून, आधी बरा पाय, मग दुखरा, मागून कोणी रेटा दिला तर चढलो. मोठ्या शहरांत खालच्या तळाच्या बसगाड्या आहेत, पदपथावरून सरळ आत पाय टाकता येतो. नागपूरला मेट्रो झाली, तिच्या स्थानकांवर उद्वाहक आहेत, सरकते जिने आहेत. तिकीट मला माफ आणि पायरी मात्र माझ्याच वाट्याला! सवलत कागदावर सगळ्यांना सारखी मिळते. तिच्यापर्यंत पोचण्याची वाट मात्र कोणाच्या दारातून जाते आणि कोणाच्या शेताच्या धुऱ्यावरून.

रेल्वेत तर सवलतच गेली. साठीच्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायांना ५० टक्के सूट असायची. मार्च २०२० मध्ये, महामारीच्या तोंडावर, ती थांबली आणि त्यानंतरची वर्षे मिळालीच नाही. आमच्या भागातल्या माणसाला पंढरी जवळ नाही. आमगाव नाहीतर गोंदिया गाठून गाडी धरायची. आणि एक गोष्ट पश्चिमेकडच्या वारकऱ्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. आषाढी येते तेव्हा आमच्याकडे बांध्यांत पाणी भरलेले असते, रोवणी ऐन भरात असते. कार्तिकी येते तेव्हा धान कापणीला आलेला असतो. हात रिकामे नसतात. म्हणून येथल्या पुष्कळ मजूर माणसांची वारी म्हातारपणावर टाकलेली असते. शेतात कोणी बोलावेनासे झाले की मग पंढरी, असा हिशोब. आणि तोवर पाय गेलेले असतात.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे आली आहेत. त्यांत जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांचे दोष डोळ्यांपुढे ठेवणे हे एक लक्षण. माउलींनी तेथे म्हातारपणाचे जे वर्णन केले आहे ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. शहाणा माणूस धडधाकट असतानाच पुढचे पाहतो, पाय आहेत तोवर जाऊन येतो, कान आहेत तोवर ऐकून घेतो, असा त्याचा भाव. मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. हे लिहिणाऱ्याने विशीही गाठली नव्हती, आणि एकविसाव्या वर्षी त्यांनी समाधी घेतली. त्यांना म्हातारपण आलेच नाही, तरी त्यांना ते दिसले. आमच्या गावांचे आणि शहरांचे नकाशे काढणारेही तरुणच असतात. त्यांना ते का दिसू नये, असे मनात येते. पण हा चिमटा दुसऱ्याला काढण्याआधी स्वतःला काढायला हवा होता. मी म्हातारा असून मला दिसले नाही. ती गोष्ट आता सांगतो.

मुलाच्या घराजवळ एक बाग आहे. चांगली बाग आहे. चालायला गोल वाट, दोन्ही बाजूंना दांडे, सावलीत पाठ टेकायची बाके, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय. सकाळी आम्ही पंचवीस-तीस म्हातारे जमतो. मंडळाची रीतसर नोंदणी आहे. हरिपाठ होतो, कोणाचा वाढदिवस असला तर केळी वाटतात. मला तेथे मान मिळाला. महाराज म्हणून पहिले बाक माझ्यासाठी मोकळे ठेवू लागले. खोटे कशाला बोलू, ते मला आवडले.

बागेच्या फाटकापर्यंत जो पदपथ होता त्यावर भाजीवाल्या बसत. वीस-एक टोपल्या असतील. आम्हाला पदपथ सोडून रस्त्यावर उतरावे लागे. एके दिवशी आमच्यातले एक निवृत्त शिक्षक टोपली चुकवायला उतरले आणि मागून दुचाकीने धक्का दिला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण माणूस अंथरुणावरून पुन्हा नीट उठला नाही. ही काही लहान गोष्ट नव्हती. मंडळाने अर्ज केला, 'ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी व सुरक्षिततेसाठी पदपथ मोकळा करावा.' मजकूर मीच सांगितला, कारण माझी भाषा चांगली, असे सगळ्यांचे मत. पहिली सही माझी. खाली चाळीस सह्या. पंधरा दिवसांत एका सकाळी गाडी आली, टोपल्या उचलल्या गेल्या, पदपथ मोकळा झाला. आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले.

त्या भाजीवाल्यांत एक म्हातारी होती. तिच्याकडून मी सांबार घेत असे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि त्या शहरात सांबार म्हणणारी ती एकटीच मला भेटली होती. साकोलीकडची. नवरा बांधकामावर गेला, ती त्याच्याबरोबर आली. तीस वर्षे तिने डोक्यावरून विटा वाहिल्या. बागेसमोर ज्या उंच इमारती आहेत त्यांतल्या दोन-तीन आपल्या हातच्या आहेत, असे ती सांगायची. नवरा गेला, मूल नाही, डोके ओझे पेलेनासे झाले तेव्हा टोपली घेऊन बसू लागली.

गाडी येऊन गेल्यानंतर महिनाभराने ती मला दिसली. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, एका भिंतीच्या कडेला, उन्हात. तिच्याजवळ दोन जुड्या होत्या. मी रस्ता ओलांडून गेलो. किती वेळ लागला ते सांगत नाही. मी म्हणालो, "माय, तू इकडे कशी?"

ती म्हणाली, "तिकून उठवलं ना. अर्ज होता म्हणतात. पहिली सही तुमची होती म्हणतात."

मी गप्प. ती रागावली नव्हती, हेच जड गेले. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हाताऱ्याइच्या सोयीसाठी उठवलं म्हणतात, महाराज. मी का लहान आहो का? तुमच्यापेक्षा दोन वर्षं मोठीच असन."

वाचकहो, तिच्या या बोलण्याला माझ्याजवळ काही नव्हते. बाग वृद्धांसाठी होती. ती वृद्ध होती. आम्ही अर्जात 'ज्येष्ठ नागरिक' लिहिले, तेव्हा त्या शब्दात ती बसू शकते हे चाळीस जणांपैकी एकाच्याही मनात आले नाही. माझ्याही नाही. तीन वर्षे मी तिच्याकडून भाजी घेतली आणि माझ्या हिशेबात ती भाजीवाली होती. म्हातारी मी होतो, माझे सोबती होते. ती बागेत का येत नाही, त्या बाकावर का बसत नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. शौचालय आत होते आणि ती दिवसभर बाहेर बसायची. तिने मला मागे एकदा सहज सांगितले होते की दुपारपर्यंत ती पाणी पीत नाही. का पीत नाही ते मी विचारले नाही.

घरी येऊन नातीला हे सांगितले. ती वकिलीचे शिकते. तिने सांगितले की २०१४ चा एक कायदा आहे, पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे रक्षण करणारा. त्यात नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनीच निवडून दिलेल्या माणसांच्या असाव्यात, कोणाला हलवायचे तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी, असे लिहिले आहे. म्हणजे पदपथावर एका बाजूला रेघ मारून टोपल्यांना जागा आणि दुसऱ्या बाजूने चालणाऱ्यांना वाट, असे मागता आले असते. शिक्षकांचा खुबा वाचला असता आणि म्हातारीची जागाही राहिली असती. आम्ही मागितले नाही. आम्हाला एकच म्हातारा दिसत होता, तो आरशातला.

मग मी विचार करू लागलो की आमच्या शास्त्रात या गोष्टीला काय नाव आहे. तीन शब्द पुढे आले. दया, ऋण आणि अधिकार.

दया म्हटले की गोष्ट सोपी होते. मी त्या म्हातारीला पन्नास रुपये द्यावेत, ती हात जोडील, मला हलके वाटेल. पण दया वरून खाली वाहते, तिला दोन पातळ्या लागतात. आपल्या पंथात एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात, तेथे वर कोण आणि खाली कोण? दयेने माझे ओझे उतरेल, तिचे नाही.

ऋण हा शब्द जास्त जवळचा. पुंडलिक दया करत नव्हता, आईबापांचे ऋण फेडत होता. २००७ साली आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा झाला, तोही या ऋणावरच उभा आहे. पण ज्याला मूल नाही त्याचा ऋणको कोण? येथे मी पुष्कळ दिवस अडलो. मग ती इमारत आठवली. त्या म्हातारीने तीस वर्षे विटा वाहिल्या. मुलाच्या घरी सातव्या मजल्यावर मी उद्वाहकाने जातो, त्या भिंतीत तिच्या डोक्यावरून गेलेली वीट असू शकते. तिची मजुरी तिला मिळाली, हिशेब संपला, असे कोणी म्हणेल. आईचे दूधही काही उधारीच्या वहीत लिहिलेले नसते. ते तसे लिहिलेले नसते म्हणूनच त्याला ऋण म्हणतात. ज्यांनी शहर उचलून उभे केले, त्यांचे शहर मूलच आहे.

आपल्या संतांत असा एक विटा-दगडांचा माणूस होऊन गेला. चोखोबांचा अंत मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून झाला, १३३८ साली. ज्या गावाने कुसाबाहेर ठेवले, त्याच गावाचे कूस बांधताना. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारापुढे समाधी बांधली. आत जायला मात्र चोखोबांच्या माणसांना पुढे सहाशे वर्षे लागली, आणि त्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. काही पायऱ्या दगडाच्या असतात आणि काही माणसांच्या मनात असतात. माझ्या अर्जातली पायरी दुसऱ्या जातीची होती.

तिसरा शब्द अधिकार. शास्त्र शिकताना आम्हाला पहिला धडा अनुबंधांचा. ग्रंथाचा विषय काय, प्रयोजन काय, आणि अधिकारी कोण. जुन्या काळी अधिकारी ठरवताना पुष्कळांना गाळत. संतांनी गाळणे बंद केले, हे तर आपल्या पंथाचे मूळ. आता गंमत अशी की नगराच्या सोयींनाही एक न लिहिलेला अधिकारी असतो. ज्याला वाचता येते, अर्ज लिहिता येतो, ज्याच्या घरापासून बाग दहा मिनिटांवर आहे, ज्याला सकाळी सहा ते आठ मोकळे आहेत, तो अधिकारी. सकाळी सहाला जी बाजारातून टोपली भरून आणते, ती वयाने कितीही म्हातारी असली तरी अनधिकारी. फाटकावर पाटी नसते, पण माणसे आपोआप गाळली जातात.

२००७ सालीच जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धांना राहायला सोपे शहर कसे असावे याचे एक मार्गदर्शक पुस्तक काढले. जगातल्या तीसहून अधिक शहरांतल्या म्हाताऱ्यांना विचारून ते केले आहे, त्यांत आपली दिल्लीही होती. रस्ते, इमारती, वाहने, घरे, दवाखाने, मानसन्मान, सगळे त्यात येते. नातीने मला त्यातले वाचून दाखवले. विचारून केले, ही त्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट. आमच्या अर्जाआधी आम्ही कोणाला विचारले होते?

आता एक आक्षेप घेतो, कारण तो आपल्यातच जास्त घेतला जातो. महाराज, हे सगळे प्रारब्ध आहे. म्हातारपणाचे दुःख वैराग्यासाठी असते. देहाचे इतके कौतुक कशाला, बाक आणि दांडे मागायचे कशाला?

याचे समाधान असे. जरेचे दोष पाहायला सांगितले आहेत ते आपल्या देहात. दुसऱ्याची वाकलेली कंबर पाहून वैराग्य शिकायचे आणि तिला जिना तसाच चढू द्यायचा, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. आपल्या दुःखाला प्रारब्ध म्हटले तर ती सहनशीलता होते. दुसऱ्याच्या दुःखाला म्हटले तर तो आळस असतो, आणि तेच जास्त वेळा म्हटले जाते. मी स्वतः कीर्तनात म्हटले आहे. गुडघ्याचे पट्टे मात्र मी प्रारब्धावर सोडले नाहीत, दुकानातून आणले.

वारीत पाहा आपण काय करतो. पालखीला ठरावीक ठिकाणी विसावा असतो. सगळ्यात धडधाकट वारकऱ्याला विसावा नको असतो, तरी तो थांबतो, कारण पालखी थांबली. दिवे घाटात ज्याचा दम तुटतो त्याला कोणी मागे ठेवत नाही. दिंडीचा मालमोटार असतो, त्यात म्हाताऱ्यांना घेतात, आणि मुक्कामी पोचल्यावर तोही वारकरीच असतो, अर्धा वारकरी नाही. पण आपली स्तुती फार नको. आपल्याच सप्ताहांच्या मंडपात पुढे खुर्च्या असतात त्या पाहुण्यांसाठी. जिची पाठ गेली आहे ती बाई मागे सतरंजीवर, टेकायला खांब मिळाला तर नशीब. बायांसाठी आडोशाची सोय किती सप्ताहांत असते? सात दिवस अखंड नाम चालते आणि म्हाताऱ्या बाया पाणी न पिता ते ऐकतात. मी चाळीस वर्षे व्यासपीठावरून त्यांच्याकडे पाहिले आणि त्या तल्लीन झाल्या आहेत असे समजलो.

गाडगेबाबांना हे कळले होते. आपल्या विदर्भाचाच माणूस. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नच प्रश्न, आणि कीर्तनातून जमलेला पैसा गेला तो धर्मशाळांत. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा, आळंदीला, नाशिकला. त्यांच्या नावाची मुंबईत दादरला धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या गरीब रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना तिचा आधार आहे. पुंडलिकाने आपल्या आईबापांची सेवा केली. बाबांनी ज्यांचा पुंडलिक कोठे नाही अशांसाठी ती सेवा विटांत बांधून ठेवली. बाबा १९५६ साली गेले, सेवा चालू आहे. चिचगड रस्त्यावरच्या त्या माउलीला हे उत्तर द्यायला हवे होते. तेव्हा ते मला येत नव्हते.

सरकारनेही हे एका नावात मान्य केले आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन. पासष्टीच्या वरचा, वर्षाचे घरचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, अशाला सध्या महिना १५०० रुपये मिळतात. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार, सरकार श्रावण झाले! पण श्रावणाने कावड दारातून उचलली होती. येथे अंधळ्या आईबापांनीच कावडीपर्यंत यायचे. दर वर्षी हयातीचा दाखला, बँकेत अंगठा. आमच्या भागातल्या एका बँकेच्या दारात तीन उंच पायऱ्या आहेत, दांडा नाही. त्या चढून गेल्यावर यंत्र अंगठा ओळखत नाही, कारण रोवणी करकरून बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. जिवंत असल्याची खूण कामातच झिजून गेली.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे एक कोटी दहा लाखांच्या आसपास होती, आज त्याहून पुष्कळ असतील. त्यांत बागेतली किती आणि फाटकाबाहेरची किती, असे कोणी मोजत नाही.

देवरीत परतल्यावर मी आमच्या सप्ताह समितीपुढे दोन गोष्टी मांडल्या. मंदिराच्या ओट्याला एका बाजूने उतार करावा आणि बायांच्या आडोशाची व्यवस्था मंडपाआधी करावी. उतारावर लगेच एकमत झाले. गवंड्याने दोन दिवसांत विटांचा उतार करून दिला आणि मजुरी घेतली नाही. आडोशावर चर्चा लांबली. जागा कोणाच्या घरामागे करायची, यावर अडले आहे. तरुण मंडळींना वाटते, महाराज कीर्तन सुटल्यापासून भलत्याच गोष्टींत पडू लागले. त्यांचे खरेही असेल.

आणि शहराच्या मंडळासाठी मी दुसरा अर्ज लिहिला. पदपथावर रेघ मारून एका बाजूला विक्रेत्यांना जागा द्यावी, साठीच्या वरच्या विक्रेत्यांना सावलीतली जागा आधी द्यावी, आणि बागेतले शौचालय बाहेर बसणाऱ्यांनाही मोकळे असावे, एवढाच मजकूर. मुलामार्फत पाठवला. एक जण म्हणाले, महाराजांनी आधी उठवायला सांगितले, आता बसवायला सांगतात. बरोबरच आहे त्यांचे. पहिल्या अर्जावर एकेचाळीस सह्या होत्या, या अर्जावर आजवर सहा आहेत. सहावी त्या शिक्षकांची आहे, अंथरुणावरून केलेली, अक्षर हललेले.

म्हातारी त्या भिंतीपाशी आता बसत नाही, असे नातीने कळवले. आजूबाजूला विचारले, कोणाला ठाऊक नाही. पौष महिन्यात डोळे दाखवायला मला तिकडे जायचे आहे. अर्ज पिशवीत घेऊन जाईन, आणि आधी साकोलीकडच्या सांबारवालीला शोधीन. तिची सही घ्यायची राहिली आहे. अंगठा उमटला तर अंगठा.